स्लीपरचं तिकीट म्हणजे भांडायचा परवाना

रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ वर्षानुवर्षं छापून येते. प्रवासाला जो खर्च येतो त्यातला सरासरी फक्त ५७ टक्के भाड्यातून वसूल होतो, अशा अर्थाची. म्हणजे बाकीचं आम्ही सोसतोय, तेव्हा गपगुमान बसा. खानावळवाल्याने बिलाखाली 'हे जेवण तुम्हाला तोट्यात वाढलंय' असं छापलं तर आपण दुसऱ्यांदा त्याच्या पायरीला पाय लावू का? पण इथे पर्याय नाही, म्हणून ऐकून घ्यायचं. आणि तक्रार केली की रेल्वेच्या आधी आपलेच लोक अंगावर येतात, 'अहो, एवढ्या पैशात आणखी काय हवंय?'

काय हवंय ते सांगतो. मी ज्या बर्थचे पैसे भरले, तो बर्थ हवाय. बस्स.

स्लीपरच्या जुन्या डब्यात ७२ बर्थ असतात, नव्या एलएचबी डब्यात ८०. हा झाला कागदावरचा हिशेब. रात्री अकराला खाली उतरा आणि खरा हिशेब करा. दोन लोअर बर्थच्या मध्ये पेपर अंथरून माणूस झोपलेला, पॅसेजमध्ये बोचकी आणि बोचक्यांवर माणसं, संडासाच्या दाराला पाठ टेकून एक जण मोठ्या आवाजात रील बघतोय. मोबाइलचा टॉर्च लावून, कुणाच्या बोटांवर पाय पडणार नाही अशा बेताने तिथवर पोचावं, तर आतली कडी तुटलेली. एका हाताने दार धरून ठेवायचं. बाहेर बेसिनला तो खालून दाबायचा नळ. एका हाताने दाबला तर पाणी दुसऱ्या हातावर पडतं, सोडला की बंद. दोन हात एकमेकांवर चोळायची सोयच नाही. हा नळ ज्याने कुणी मंजूर केला, त्याने उभ्या जन्मात स्वतःचे हात धुतले नसणार.

पॅसेजमध्ये बसलेल्या माणसांवर माझा राग नाही, खरंच नाही. कुणाकडे जनरलचं तिकीट असतं आणि जनरलच्या डब्यात मुंगी शिरायला जागा नसते. कुणाकडे खिडकीवरून काढलेलं वेटिंगचं तिकीट असतं. ऑनलाइन वेटिंग कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, खिडकीवरचं मात्र हातात राहतं, मग माणूस चढणारच. त्याचं घर, त्याची नोकरी, त्याचं मयत थांबणार आहे का? वेटिंगवाल्यांनी आरक्षित डब्यात बसू नये हा नियम तसा जुनाच, पण १ मे २०२५ पासून तो कडक पाळणार म्हणून केवढा गाजावाजा झाला! त्यानंतरही माझ्या पायाशी रात्रभर दोघं बसून होतेच.

गेल्या खेपेला आई बरोबर होती. तिचा लोअर बर्थ कन्फर्म. गाडीत चढलो तेव्हा त्यावर अख्खं कुटुंब बसलेलं, खिडकीला टॉवेल वाळत घातलेला. 'भैया, थोडा एडजस्ट कर लो, अगले स्टेशन पे उतरना है।' हे अगलं स्टेशन कधीच येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळ, त्या वेळात बर्थवाल्याला आडवं होऊ द्यायचं, हा रेल्वेचाच नियम. साडेदहाला तो नियम मी सांगितला तर मीच भांडकुदळ ठरलो. 'माताजी को हम कहाँ उठा रहे हैं, पैर थोडा मोड लें।' आई पाय पोटाशी घेऊन झोपली. म्हणजे पडून राहिली.

टीसीसाहेब आले. हातातल्या मशीनवर बोट फिरवलं, आमची नावं बघितली, पायाशी बसलेल्यांकडे मात्र चुकूनही नजर टाकली नाही. मी बोललो तर 'देखते हैं' म्हणून जे गेले ते गेलेच. मग हेल्पलाइनला तक्रार टाकली. अर्ध्या तासात मेसेज, तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. निवारण कोणी केलं, कुठे केलं? आईच्या पायाशी बसलेले ते लोक तर माझ्यासमोर शेंगदाणे खात होते! वर अभिप्रायही मागितला.

पैसे घेताना मात्र रेल्वेला एकही नियम विसरायला होत नाही. आरएसी, म्हणजे झोपायला नव्हे तर नुसती बसायपुरती जागा, मिळालं तर साइड लोअरवर दोघांनी गुडघ्याला गुडघा लावून रात्र काढायची, आणि भाडं दोघांनीही पूर्ण भरायचं. अर्ध्या बर्थला अर्धं भाडं, इतका साधा हिशेब इतक्या वर्षांत कुणाला सुचू नये? वेटिंग शेवटपर्यंत वेटिंगच राहिलं तरी माणशी ६० रुपये कापतात. ही जागा न दिल्याबद्दलची फी. तत्काळची तर बातच सोडा. अकराच्या ठोक्याला स्लीपरचं तत्काळ उघडतं, पेमेंटचं चक्र फिरत राहतं, ते थांबेपर्यंत वेटिंग लागलेलं असतं. आणि चुकून कन्फर्म मिळालंच आणि जाणं रद्द झालं, तर परत एक दमडी नाही.

सुपरफास्टचा अधिभार हा आणखी एक विनोद. सरासरी ताशी ५५ किलोमीटर वेग असला की गाडी सुपरफास्ट, आणि स्लीपरला त्याचे ३० रुपये जादा. ताशी ५५! मग गाडी इटारसीच्या अलीकडे कुठेतरी रानात तास-तास उभी राहिली तरी ते ३० रुपये परत नाहीत. हे एकटा मीच म्हणतोय असंही नाही. कॅगने, म्हणजे सरकारचा हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, २०१७ च्या अहवालात यावर बोट ठेवलं होतं, की सुपरफास्टचे पैसे घेतले पण गाड्या त्या वेगाने धावल्याच नाहीत.

यावर ठरलेला सल्ला येतो, 'थर्ड एसीने जायचं ना मग.' जातो की. भाडं दुपटीहून जास्त, ते भरतो. तिथे गर्दी कमी असते हे कबूल, झोप लागते हेही कबूल. पण चादर नीट बघून घ्या आणि ब्लँकेट नाकापासून लांब ठेवा, कारण ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं असं रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये संसदेत सांगितलं आहे. महिन्यातून एकदा. दर रात्री नवा माणूस, ब्लँकेट तेच. आणि थर्ड एसीचाच थ्री ई नावाचा जो इकॉनॉमी प्रकार २०२१ मध्ये काढला, त्यात एका डब्यात ८३ बर्थ बसवले. साइडच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा, म्हणजे साइड मिडल, घुसवायचा प्रयोग करून पस्तावून झालं होतं, तरी कोंबायची हौस काही जात नाही.

आता तो भाड्याचा मुद्दा. स्लीपर स्वस्त आहे, मान्य. पण उद्या शंभर टक्के खर्च माझ्याकडून घेतला म्हणून साडेदहाला कोणी येऊन बर्थ मोकळा करून देणार आहे का? तोच टीसी, तेच 'देखते हैं'. ज्या माणसाचा पगारच महिन्याला दहा-बारा हजार, त्याला हे भाडं स्वस्त नाही, आणि झोप त्यालाही हवी असते. स्वस्त आहे म्हणून काहीही खपवून घ्या, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

मला विचाराल तर स्लीपरचे पैसे एकाच परिस्थितीत वसूल होतात. गाडी जिथून सुटते तिथूनच बसायचं असेल, प्रवास एका रात्रीचा असेल आणि अपर बर्थ मिळाला असेल तेव्हा. वर चढायचं, बॅग उशाशी घ्यायची, खाली काय चाललंय ते बघायचं नाही. साइड अपर असेल तर तेही नको, सहा फुटी माणसाचे पाय त्यात मावत नाहीत. मधल्या स्टेशनवरून चढायचं असेल किंवा मध्ये अख्खा दिवस जाणार असेल, तर ते भाडं पाण्यात गेलं समजा.

पुढच्या महिन्यात हावड्याकडे जायचा विषय घरी निघालाय. थर्ड एसी कन्फर्म मिळालं तर बघू म्हणालोय, आणि आई येणार असेल तर सरळ विमान. पैसे जातील, जाऊ देत.