मावशीच्या रिपोर्टवरची लाल रेघ

आज सकाळी सव्वासातला मावशीचा फोन आला. इतक्या लवकर ती कधी फोन करत नाही, त्यामुळे तो उचलतानाच मनात धस्स झाले. तिने एकच प्रश्न विचारला, "ती पाकिटं मी आधीच चालू केली असती, तर मला हे झालं नसतं का गं?"

रात्री आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरला होता. ड जीवनसत्त्व भरपूर असेल तर आतड्याचा दाह होत नाही, दाह नसेल तर कर्करोग होत नाही, म्हणून आजच सुरुवात करा, असा त्याचा मजकूर. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन अकरा महिने झालेली एक बाई याच ग्रुपवर आहे आणि चष्मा लावून ती प्रत्येक ओळ वाचते, याचा विचार हात जोडणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात आला नाही, याचा मला विलक्षण संताप आला आहे.

मावशी एकसष्ट वर्षांची आहे. तिचे सगळे आयुष्य तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागेत, उन्हात गेले. दीड वर्षापूर्वी तिला चार पायऱ्या चढल्या तरी दम लागू लागला, तेव्हा रक्ताच्या सगळ्या तपासण्या एकदमच करून घेतल्या. तो आठ पानी रिपोर्ट मी नंतर हातात घेऊन पाहिला आहे. सहाव्या पानावर ड जीवनसत्त्वाचा आकडा ११ होता आणि त्याखाली लाल पेनाने दोनदा रेघ ओढलेली होती. पहिल्या पानावर हिमोग्लोबिन ७.८, म्हणजे फारच कमी, होते. त्याच्यासमोर साधी टिंबाएवढीही खूण नव्हती.

ड जीवनसत्त्वाचे साठ हजार युनिटचे पाकीट दर रविवारी दुधातून, असे आठ आठवडे, आणि जोडीला लोहाच्या गोळ्या, एवढेच उपचार झाले. हिशेब चुकू नये म्हणून मावशी रिकामी पाकिटे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घडी घालून ठेवत असे. शौचाला काळपट होते, असे तिने सुनेला एकदा दबक्या आवाजात सांगितले होते, पण लोहाच्या गोळ्यांनी तसे होतेच, म्हणून तो विषय तिथेच मिटला. आठ आठवड्यांनी ड जीवनसत्त्व ३४ झाले आणि घरातले सगळे निर्धास्त झाले. त्यानंतर चार महिन्यांनी ती बागेतच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, झाली. गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला होती. त्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडे थोडे झिरपत राहते आणि पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही. पाळी थांबलेल्या बाईच्या अंगात लोह कमी पडत असेल, तर ते रक्त कुठून जात आहे हे आधी शोधायचे असते, आणि त्यासाठी पोट व आतडे तपासायचे असते. ही काही नव्याने लागलेल्या शोधाची गोष्ट नाही.

ड जीवनसत्त्वाचा या आजाराशी काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. १९८० साली सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या अमेरिकी भावांनी, जिथे ऊन कमी तिथे या कर्करोगाचे मृत्यू जास्त, हे पाहून ही कल्पना मांडली. आतड्याच्या अस्तराच्या पेशी हे जीवनसत्त्व ओळखतात, दाह आवरण्यात त्याचा हात असतो, आणि वर्षानुवर्षे आतड्याचा दाह असलेल्यांना कर्करोगाचा धोका जास्त असतो, हेही खरे आहे. पण २५,८७१ माणसांच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत निम्म्या लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २००० युनिट दिल्यावरही कर्करोग होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंबाबत थोडी आशा दाखवणारे आकडे त्यात निघाले, तेही मान्य करते. शिवाय अंगात दाह असला की रक्तातला या जीवनसत्त्वाचा आकडा खाली येऊ शकतो. म्हणजे मावशीचा तो ११ आजाराचे कारण नसून आजाराचीच सावली असू शकेल, आणि आपण सावलीला औषध पाजत बसलो होतो.

आपल्या घरांत रक्तदाब, साखर, गुडघे यांवर जेवणाच्या ताटावर चर्चा होते, पण शौचाला काय होते हे साठ वर्षांच्या बाईला स्वतःच्या मुलाला सांगता येत नाही. पोट साफ होत नाही एवढेच ती म्हणते, आणि आपण चूर्णाची बाटली पुढे करतो. बहुतेक वेळा हा कर्करोग साध्या कोंबातून, पॉलिपमधून, वाढायला दहाएक वर्षे घेतो. कोलोनोस्कोपीत तो कोंब तिथल्या तिथे काढता येतो. एवढा अवधी देणारे कर्करोग फार थोडे आहेत, आणि तो अवधी आपण लाजेत घालवतो.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते, कारण तो संदेश टाकणारा माझा मावसभाऊ आहे. केमोथेरपीसाठी दर पंधरवड्याला मावशीला मिरजेला नेणारा, ओकारीची पिशवी हातात धरून गाडीत बसणारा तोच. आपल्या हाताने करता येईल असे काहीतरी सापडल्यासारखे त्याला वाटले असणार. त्याच्यावरचा माझा राग आता उरलेला नाही. संदेशावरचा आहे, कारण आईने स्वतःलाच दोष द्यावा असा अर्थ त्यातून निघतो, हे त्या लेकराच्या लक्षातही आले नसेल.

मावशीला मी सांगितले की नाही, तुझे काहीही चुकलेले नाही, तू पाकिटे आधी घेतली असतीस तरी ती गाठ कुणाला दिसली नसती. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या गुरुवारी वर्षाची दुर्बीण घालायची आहे. आदल्या दिवशी ते पोट साफ करायचं औषध एकटीला घेववत नाही. तू येशील?" मी दोन दिवसांची रजा टाकली आहे.