पळून जाणारं पोर आणि मालिकेतली भिंत

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपपासून तालमीच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘मालिकांत दाखवतात ते खरंच आहे. बालगृहातली सोळा-सतराची पोरं वाया गेलेली असतात, रात्री भिंत चढून मुंबई गाठतात, पोलीस गुन्हेगारासारखे मागे लागतात आणि अठरा झाले की सरकार हात झटकतं.’

वाया गेलेली? कायद्याशी संघर्ष झालेली, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं चौकशी सुरू असताना निरीक्षणगृहात असतात. बालगृहात येतात ती आईबाप नसलेली, टाकलेली, घरात मार खाल्लेली. मालिकावाले दोन्हींची सरमिसळ करतात आणि आपण ती गिळतो.

आता भिंत आणि मुंबई. महालक्ष्मी एक्स्प्रेसमागे धावणारा पोरगा पडद्यावर भारी दिसतो, मान्य. पण कॉलेजला रोज बाहेर पडणाऱ्या पोराला भिंत कशाला चढायला लागते? आणि ते कशापासून पळतंय हे दाखवताना कुणाकडे चाललंय हे मालिका विचारतच नाही. मुलामुलींची बालगृहं वेगळी, त्यामुळे भाऊ एकीकडे, बहीण दुसरीकडे. कुणाची आई दुसरं लग्न करून गेलेली, कुणाची आजी गगनबावड्याकडं. तिथं एसटीनं जाता येतं. तेवढ्यासाठी खलनायक लागत नाही, म्हणूनच बहुधा ते दाखवत नाहीत.

पोलिसांचं तर उलटंच आहे. बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करीची शक्यता धरून तपास करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बजावलं. पेपरात ‘अज्ञाताने फूस लावून पळवून नेले’ छापून येतं ते त्यामुळेच. गुन्हा अज्ञातावर, पोरावर नव्हे. इतकंच काय, निरीक्षणगृहातून पळालेल्या मुलावरही त्या पळण्याबद्दल जादा कारवाई करायची नाही, असं २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो.

राहिलं अठराव्या वर्षाचं. इथं मेसेज निम्मा बरोबर आहे, म्हणून जास्त घातक. अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची सोय २१ वर्षांपर्यंत, अपवादानं २३ पर्यंत आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरलेत. राज्यात अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण २०१८ पासून आहे. पण कायद्याची भाषा ‘मदत देता येईल’ अशी, ‘दिलीच पाहिजे’ अशी नाही. शिवाय चार हजारांत खोली, मेस आणि फी भागवून दाखवा. भांडायचं तर इथं भांडा.

आणि ही मदत बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये कुणासाठी लिहिली आहे? अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्यासाठी. साडेसतराव्या वर्षी पळालेला, परत न आलेला पोरगा त्या वाक्यात बसत नाही. ‘तसंही अठराला हाकलणारच’ असं त्याला सांगणारा मेसेज पुढं ढकलण्याआधी एवढं बघा.