यायला एक, जायला चार

आदल्या रात्री मॅजिक किंगडम या मनोरंजन उद्यानाच्या दारात मोनोरेलमध्ये बसलो आणि पुढच्याच स्टेशनला हॉटेलवर उतरलो. मी अजून बूड टेकून नीट सावरत होतो, तोवर गाडी हॉटेलच्या पोटात शिरलीसुद्धा. पोटात म्हणजे खरोखरच पोटात. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधलं कंटेम्पररी हे हॉटेल इंग्रजी 'ए' अक्षरासारखं बांधलेलं आहे आणि त्या 'ए'च्या दोन तंगड्यांमधून ही गाडी आरपार जाते. खाली रूळ नाहीत. काँक्रीटची जेमतेम सव्वादोन फूट रुंद तुळई, आणि तिच्यावर मांड ठोकून बसलेले सहा डबे.

"एकच स्टेशन!" मी हिला म्हणालो. या वाक्याने दुसऱ्या दिवसाची सकाळ खाल्ली.

सकाळी पुन्हा मॅजिक किंगडमला निघालो, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, पायवाट आहे. दहा मिनिटांत पोचू. चला."

मी म्हणालो, "एवढं विमानाचं भाडं भरून इथे चालायला आलोय का? मोनोरेल फुकट आहे." फुकट म्हटल्यावर ही तत्काळ माझ्या पक्षात आली. एरवी ती विरोधी बाकांवर असते. मुलगा, सून आणि नात पायी निघाले. "आजोबा, कोण आधी पोचतं बघू हं," नात म्हणाली. लहान मुलीचा विरस नको, म्हणून मी नुसतं हसलो.

ही गाडी एका तळ्याला वळसा घालते आणि तेही एकाच दिशेने. कंटेम्पररीनंतर तिकिटांचं केंद्र, मग पॉलिनेशियन हॉटेल, मग ग्रँड फ्लोरिडियन हॉटेल, मग मॅजिक किंगडम आणि पुन्हा कंटेम्पररी. म्हणजे परत यायला एक स्टेशन आणि जायला चार. शंकराच्या देवळातल्यासारखी अर्ध्यातून मागे फिरायची सोय नाही, घातली तर पूर्ण प्रदक्षिणा. हे सगळं तिथल्या नकाशात रंगीत रेघेने काढलेलं होतं. त्या नकाशापुढे उभं करून मी हिचा फोटो काढला. फोटोत नकाशा फार स्वच्छ आलाय.

गाडी सुटली. "अहो, किल्ला मागे चाललाय," ही म्हणाली.

मॅजिक किंगडममधला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच आहे, त्यामुळे तो मागे चाललाय हे लपवणं अवघड होतं. "वळण आहे," मी म्हणालो. वळण होतंच. सगळा मार्गच एक वळण होता.

एवढ्यात शेजारच्या तुळईवरून दुसरी मोनोरेल समोरून आली आणि किल्ल्याच्या दिशेने सुसाट गेली. ती एक्सप्रेस. तिकिटांचं केंद्र ते मॅजिक किंगडम. आमच्या हॉटेलच्या पोटातून तीही जाते, पण तिथे थांबत नाही. डोळ्यांदेखत योग्य दिशेला जाणाऱ्या गाडीकडे चुकीच्या गाडीतून बघण्यात जे दुःख आहे, त्याला मराठीत शब्द नाही. हिच्या नजरेत मात्र होता.

तिकिटांच्या केंद्राशी बाहेरून येणाऱ्यांनी मोटारी ठेवायच्या आणि पुढे मोनोरेलने नाहीतर बोटीने जायचं, असा १९७१ पासूनचा शिरस्ता. बरेच लोक उतरले. "उतरायचं का?" हिने विचारलं. उतरून एक्सप्रेस धरली असती, तर हा लेख इथेच संपला असता. मी म्हणालो, "छे, शेवटच्या स्टेशनला उतरू." वर्तुळाला शेवटचं स्टेशन नसतं, हे बत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला सुचू नये!

तळ्याचं नाव सेव्हन सीज लगून. सातासमुद्रापार आलो ते सात समुद्रांना फेरी मारायला. तेही माणसांनी खणलेले. प्रत्येक स्टेशनला दारांपासून दूर राहण्याची सूचना इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये व्हायची. ग्रँड फ्लोरिडियन येईपर्यंत हिला त्यातलं "पोर फावोर", म्हणजे 'कृपया', पाठ झालं आणि ती मला पाणीसुद्धा "पोर फावोर" म्हणून मागू लागली.

अखेर मॅजिक किंगडम आलं. लोक उठले. मी हिला म्हटलं, "गर्दी उतरू दे आधी, आपल्याला कुठली घाई?" गर्दी उतरली. मग नवी गर्दी चढली. तिला वाट करून देण्यासाठी आम्ही मागे सरकलो. मग दारांपासून दूर राहायची सूचना झाली, म्हणून आणखी मागे सरकलो. उभ्या आयुष्यात मी कुठलीही सूचना इतकी काटेकोर पाळली नव्हती. दारं लागली.

पुढचं स्टेशन एका मिनिटावर असतं, हे मला कालपासून माहीत होतं.

गाडी पुन्हा हॉटेलच्या पोटात शिरली आणि फोन वाजला. "बाबा, कुठे आहात?"

"हॉटेलवर."

"अजून निघालाच नाहीत?"

याला खरं उत्तर देण्यात अर्थ नव्हता. "निघतोच आहोत," मी म्हणालो.

फोन नातीने ओढून घेतला. "आजोबा, तिथे बकरी दिसते का? तिला पाच पाय आहेत!" मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने रंगवलेल्या फरश्यांचं नव्वद फूट उंच भित्तिचित्र या हॉटेलच्या मधोमध उभं आहे. त्यात गाडीच्या बाजूलाच ती बकरी आहे. मी मोजले. पाचच.

"अगं बघ," मी हिला म्हणालो, "पाच पाय आहेत तिला."

ही तोवर जिन्याकडे निघाली होती. "दिसले मला मघाशीच," ती म्हणाली. "त्यातला एखादा उसना घ्या आणि चालायला लागा. पोर फावोर."