बोडकी लिंबं

आमच्या घरात रविवार म्हणजे मटण. ह्यावर चर्चा होत नाही. दुपारी दीडला ताटावर बसायचं: भाकरी, सुकं, तांबडा, पांढरा, डाव्या बाजूला कांदा आणि लिंबाची फोड. भात सगळ्यात शेवटी, तोही भांड्यातला पांढरा वाया जाऊ नये म्हणून. भाताचा आमच्याकडं हुद्दा एवढाच.

मे महिन्यातल्या एका रविवारी ह्या भाताला बढती द्यायची बुद्धी मला झाली.

निमित्त लेकीचं. ती पुण्यात एम.एस्सी. करते, रसायनशास्त्रात. (पुण्यात ती 'मी येते, मी जाते' म्हणते. गाडी कोल्हापुरात, शिरोली नाक्याच्या आत आली, की पुन्हा 'आई, आलो गं'.) तिनं मैत्रिणीकडं कुठलासा भात खाल्ला होता. हिरवा पाला आणि लिंबाची किसलेली साल घातलेला. "बाबा, साइड डिश असते ती. एकदम हलकी."

"त्यात काय? मी करतो की," मी म्हणालो.

बायको लसूण सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "करा." चोवीस वर्षांच्या संसारात ह्या एका शब्दानं माझा जेवढा घात केलाय, तेवढा कुणी केला नाही.

लेकीनं दिलेल्या यादीत पहिलंच नाव पार्सली, म्हणजे कोथमिरीसारखा दिसणारा विलायती पाला. कपिलतीर्थ मंडईत नेहमीच्या मावशींना विचारलं, "मावशी, पार्सली हाय का?"

"पारसल बिरसल न्हाई. पिशवी आणलाईसा न्हवं?"

मग मावशींनीच माझा पाला ठरवला. कोथमिरीच्या दोन पेंड्या, पुदिन्याची एक, आणि माझ्या तोंडाकडं बघून शेपूची एक फुकट. लिंबं बारा घेतली. मे महिन्यात बारा लिंबं घेणाऱ्या माणसाकडं लोक वळून बघतात.

आता साल किसणं. हे ऐकायला सोपं आहे. आपलं लिंबू कागदी. कागदी म्हणतात ते सालीवरूनच, हे मला त्या दिवशी कळलं. वरचा हिरवा-पिवळा थर तेवढा घ्यायचा, कारण वास सगळा तिथल्या तेलात असतो. खाली पांढरं लागलं की कडू. आणि कागदी लिंबात ह्या दोघांमधलं अंतर आमच्या दोन भावकींच्या बांधाएवढं, म्हणजे नुसतं नावाला. खोबरं किसायची किसणी घेऊन एक-एक लिंबू नुसतं टेकवत, फिरवत बसलो. सहाव्या लिंबाला बोटाचं पेर किसलं. सातव्याला त्या पेरावर लिंबाचा रस उडाला. तोंडातून जे आलं ते ऐकून आई देवघरातून बाहेर आली.

पाऊण तासात बारा लिंबांची मिळून दोन चमचे साल. वास मात्र असा, की स्वयंपाकघरात मटण शिजतंय हे क्षणभर मी विसरलो. ओट्यावर बारा लिंबं रांगेत, नुकतीच मुंज लागलेल्या बटूंसारखी.

"ह्यांचं जावळ कुणी काढलं?" आईनं विचारलं.

तांदूळ घरातलाच घेतला, आजऱ्याचा घनसाळ. २०१६ साली ह्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात त्याला मान आहे. शेजारी घनसाळ शिजला तर आपल्याला कळतं. असल्या तांदळाला आणखी वास लावायला जाणं म्हणजे आगाऊपणा, पण ही अक्कल नंतरची. मी तांदूळ, पाणी, मीठ, चिरलेला अर्धा पाला, साल आणि चार लिंबांचा रस एकदमच कुकरात घातला आणि तीन शिट्ट्या काढल्या.

झाकण उघडलं. कोथिंबिरीचा हिरवा रंग गेला होता. आत मिलिटरीच्या ट्रकचा रंग होता. घनसाळ मुळात आखूड दाण्याचा, मऊ शिजणारा. त्याचा लगदा होऊन डाव उभा राहत होता. आणि साल शिजून वास शिट्टीबरोबर केव्हाच गल्लीत निघून गेलेला.

लेकीला आनंद झाला. "बाबा, हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आंबट आणि उष्णता मिळाली की ते बाहेर पडतं, मग रंग असा होतो." एवढ्या फिया भरल्या त्याचं चीज झालं, पण ते शिट्टीच्या आधी झालं असतं तर बरं.

बायकोनं न बोलता वरच्या फळीवरचा बासमतीचा डबा काढून दिला. बिर्याणीसाठी ठेवलेला. न बोलता दिला, हे वाईट.

दुसऱ्यांदा शहाण्यासारखं केलं. अर्धा तास भिजवला, वाटीला दीड वाटी पाणी, चमचाभर तूप, झाकण ठेवून मंद गॅसवर बारा मिनिटं, आणि गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावला नाही. मग उरलेला पाला बारीक चिरून, पाच बोडक्या लिंबांची आणखी खरवडून काढलेली चिमूटभर साल, शेवटी एका लिंबाचा रस. शेपू अगदी दोन काड्या. काट्यानं हलवला. दाणा न् दाणा सुटा, पाला हिरवागार. मी स्वतःच दोन घास उभ्यानं खाल्ले.

ताटं मांडली. भात मी पहिल्यांदाच सुरुवातीला वाढला, मधोमध. धाकट्या काकांनी वास घेतला, एक घास खाल्ला, म्हणाले, "झकास! लई भारी झालाय." आणि बोलता बोलता त्यावर दोन डाव तांबडा ओतला. लिंबाची साल, पुदिना, माझं पेर, सगळं तर्रीखाली.

आई घास चावत विचार करत होती. "कोथमीर रश्श्यावर असतीयाच. लिंबू ताटात असतंयच, ज्याला पायजे तो पिळून घेतोय. मग तू येगळं काय केलंस?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. लेकीनं मात्र दोनदा घेतला, रस्सा न घालता. आणि रात्री एक वाजता फ्रीजचा उजेड दिसला म्हणून उठलो, तर उरलेला भात पातेल्यातनं उभ्यानंच खाणारी माझी बायको होती. "वाया जाईल म्हणून," ती म्हणाली.

साल काढलेली लिंबं लगेच वाळतात. त्यामुळं आठवडाभर आम्ही सरबत प्यालो, शेजाऱ्यांना पाजलं. एक तेवढं राहिलं. शनिवारी सकाळी बघतो तर आईनं ते सात मिरच्यांबरोबर ओवून दाराला बांधलंय.

"आई, बोडकं लिंबू कुणी बांधतं का?"

"असू दे," ती म्हणाली. "ह्याचे हाल बघून नजर उंबऱ्यावरनंच परत जाईल."