एलईडीनं गेम जळतो म्हणे!

कोल्हापुरातल्या जुन्या गेमच्या नादिष्टांत सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘जुन्या टीव्ही गेममध्ये एलईडी बसवू नका. लाईट करंट खाते, आयसी जळतो. उजेडानं बॉडी पिवळी पडते. लाईटचं बटण चालू-बंद केलं की सेव्ह उडतो. लाईट चालणार असती तर कंपनीनंच दिली असती. हौस असेल तर डेकोरेशनची पट्टी थेट अडॅप्टरला जोडा, आत हात घालू नका.’ खाली हात जोडलेले, आणि ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’.

पहिला मुद्दा करंटचा. ९०च्या दशकात आपल्याकडं घरोघरी आलेले बहुतेक कॅसेटवाले गेम म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ गेमच्या नकला. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिॲम्पिअरचा. त्यातला एक एलईडी किती खाणार? आतल्या ५ व्होल्टवर ३३० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) लावून लाल एलईडी जोडा. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ रेझिस्टर घेतो, म्हणजे करंट झाला ९ मिलिॲम्पिअर. निळ्याला ३ व्होल्टच्या थोडं वर लागतात, म्हणून त्याच रेझिस्टरवर तो ५-६ मिलिॲम्पिअरच घेतो. अडॅप्टरच्या ताकदीच्या एक टक्क्याच्या आसपासचा हा मामला. एवढ्यानं आयसी जळत असता तर दुसरं बटण दाबायचीही भीती वाटली असती.

मग लोकांचे गेम लाईट लावल्यावर बंद पडले ते काय खोटं? नाही, पडले असतील. पण कारण बहुधा रेझिस्टर गाळल्याचं. ५ व्होल्टवर एलईडी उघडा जोडला की तो बेसुमार करंट ओढतो आणि जळतो. जळताना शॉर्ट झाला तर ५ व्होल्टची लाईनच खाली बसते आणि गेम अडकतो. दुसरं कारण हौसेचं. एकाच्या जागी तीस एलईडी. बोर्डावर ॲल्युमिनिअमच्या तुकड्याला स्क्रूनं कसलेला तीन पायांचा काळा भाग असतो, त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. तो अडॅप्टरचा व्होल्टेज ५ वर आणतो आणि वरचा सगळा फरक उष्णता म्हणून बाहेर टाकतो. १० व्होल्ट आत येत असतील तर वाढीव १० मिलिॲम्पिअरला त्याची उष्णता वाढते ०.०५ वॅट, म्हणजे काहीच नाही. पण २०० मिलिॲम्पिअरची रोषणाई केली तर वाढते पूर्ण १ वॅट, आणि तो बिचारा आधीच बोट ठेववणार नाही इतका तापलेला असतो. तेव्हा भ्यायचं असेल तर आकड्याला भ्या, एलईडीला नको.

पिवळेपणाचा मुद्दा ऐकायला शास्त्रीय वाटतो. जुनं एबीएस प्लास्टिक पिवळं पडतं हे खरंच, पण ते अतिनील किरणांनी, उष्णतेनं आणि हवेतल्या ऑक्सिजननं. खिडकीत उन्हाला ठेवलेला गेम बघा, ऊन लागलेली बाजूच आधी पिवळी होते. साध्या लाल, हिरव्या, निळ्या एलईडीतून अतिनील किरण निघत नाहीत म्हटलं तरी चालेल. फक्त ‘यूव्ही’ म्हणून जांभळट एलईडी मिळतात, ते घेऊ नका.

सेव्ह उडण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. ज्या कॅसेटमध्ये सेव्ह होतो, तिथं तो कॅसेटमधल्याच मेमरीत राहतो आणि नाण्यासारख्या लिथियम सेलवर टिकतो. सेल म्हातारा झाला की सेव्ह जातो. खापर मात्र नव्या लाईटवर फुटतं, कारण ती डोळ्यासमोर असते.

‘कंपनीनंच दिली असती’ हे वाक्य मला सगळ्यात आवडलं. १९८३च्या मूळ फॅमिकॉमला पॉवरची लाईट नव्हती, हे खरं. पण त्याच कंपनीनं १९८५ साली अमेरिकेत तोच गेम एनईएस म्हणून काढला आणि त्याला पुढं लाल एलईडी दिला! निळा का नाही दिला? कारण झगझगीत निळा एलईडी आला १९९३ला. तो बनवणाऱ्या तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नव्हता म्हणून दिला नाही, विषय संपला.

आता तो शेवटचा सल्ला. सगळ्या मेसेजात खरा घोळ इथं आहे. गणपतीत मंडपाला लावून उरलेली पट्टी कोल्हापुरात घरटी निघेल, पण ती असते १२ व्होल्टची, तीन-तीन एलईडी एका रांगेत. गेमच्या अडॅप्टरच्या ९-१० व्होल्टवर ती मिणमिणेल. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर लोड नसताना लिहिलेल्यापेक्षा बराच जास्त व्होल्टेज देतो आणि गेम चालू झाला की खाली येतो, म्हणजे उजेडही खालीवर. फॅमिकॉमच्या अडॅप्टरची मधली पिन मायनस असते, नेहमीसारखी मधली पिन प्लस धरून जोडलं तर पट्टी उलटी लागते. आणि खऱ्या एनईएसचा अडॅप्टर तर एसीच देतो, पट्टीला लागतो डीसी.

त्यापेक्षा ७८०५ मधून निघणारे ५ व्होल्ट बरे. अक्षरं आपल्याकडं, पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्ट. मीटर लावून ४.८ ते ५.२ दिसले की तिथूनच वायर काढा. मधे बंद होणारा तीन पायांचा टॉगल स्विच घ्या: मधल्या पायाला ५ व्होल्ट, दोन्ही बाजूंना एकेक स्वतंत्र रेझिस्टर, पुढं लाल आणि निळा, दोघांचे मायनस ग्राउंडला. इकडं लाल, तिकडं निळा, मधे अंधार. ज्यानं त्यानं आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा रंग निवडावा. टॉगलसाठी ६ मिमीचं भोक उद्यमनगरातल्या वर्कशॉपात कुणीही पाडून देईल, पण जुनी बॉडी तडकते आणि भोक परत बुजत नाही. हवेच्या फटीतून वायर काढून बटण मागं चिकटवलेलं बरं.

‘आत हात घालू नका’ हे एका जागी मात्र शंभर टक्के खरं आहे आणि नेमकं तेच मेसेजात सांगितलेलं नाही. पहिला जाडा प्लेस्टेशन आणि जाडा पीएस टू यांची पॉवर सप्लाय आतच असते. २३० व्होल्ट थेट बॉडीत येतात, आणि मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर डीसी व्होल्ट साठतात, प्लग काढल्यावरही काही काळ. त्या बोर्डाजवळ सोल्डरिंग हौशी माणसानं करू नये.