सरांना शाल नको, खोली द्या

गेल्या रविवारी आईनं लोखंडी कपाट आवरायला काढलं आणि त्यातून सव्वीस शाली निघाल्या. सगळ्या बाबांच्या सत्काराच्या. काहींची पिशवीसुद्धा उघडलेली नव्हती. त्याच वेळी बाबा बाहेर ओट्यावर वरच्या गल्लीतल्या मावशींना हेस्कॉमचा, म्हणजे इकडच्या कर्नाटकातल्या वीज कंपनीचा, एक कागद वाचून दाखवत होते. "मावशी, ही बिलाची नोटीस नव्हं. मीटर बदलायचंय म्हणून कळवलंय. पैसे काय मागितलेले नाहीत, घाबरू नका." कागद कन्नडमध्ये होता. मावशी दोन दिवस तो पदरात बांधून फिरत होत्या.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात आहे.

बाबा बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवून २०२० च्या मे महिन्यात निवृत्त झाले. लॉकडाऊन होता, त्यामुळे निरोप समारंभ झालाच नाही. मुख्याध्यापकांकडे चाव्या दिल्या आणि सायकल घेऊन घरी आले. पुढच्या वर्षांत मात्र सत्कारांचा पाऊस पडला. पाच सप्टेंबर, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, सोसायटीचा वर्धापनदिन, गावच्या यात्रेतला कार्यक्रम. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, फोटो. सत्कार करणाऱ्यांचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पाच वर्षांत एकानंही त्यांना विचारलं नाही की, सर, आता तुम्हाला काय करायचंय?

पेन्शन मिळते म्हणजे सरांचं सगळं चांगलं चाललंय, असं लोक धरून चालतात. शाळेला अनुदान मिळण्याआधीची बाबांची सात वर्षं पेन्शनच्या हिशेबात आली नाहीत. त्या सात वर्षांत ते सकाळी शाळा आणि संध्याकाळी रताळ्याचं शिवार असं करत होते. संस्था शिक्षण खात्याकडे बोट दाखवते आणि खातं संस्थेकडे. बाबांनी तो विषय सोडून दिलाय, मला अजून सोडवत नाही. आणि त्यांच्यानंतर, २००६ च्या एप्रिलनंतर नोकरीला लागलेल्यांना तर जुनी पेन्शनच नाही. ते निवृत्त होतील तेव्हाचं चित्र कसं असेल, याचा विचार गावात कुणी करत नाही.

मधे दादा त्यांना पुण्याला घेऊन गेला होता. आठव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग. सहा महिने राहिले. वहिनी खूप करायची, तिला बोल लावायला जागा नाही. पण तिथं ते 'आजोबा' होते, खालच्या वॉचमनपासून सगळ्यांचे. इथं बसमधून उतरल्यावर पानपट्टीवाल्यापासून देवळाच्या गुरवापर्यंत सगळे 'सर' म्हणतात. परत आले त्या दिवशी बाबांनी पायरीवर पिशवी ठेवली आणि घरात न येता आधी समोरच्या पोराला विचारलं, "निबंध लिहिलास काय रे?" आम्ही मुलं आईवडिलांना सोयीच्या जागी न्यायला बघतो. त्यांची शाळा कुठं आहे ते आधी बघायला हवं.

आमच्या भागात निवृत्त हायस्कूल मास्तर काय करतात, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटणार नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा, तिकडे निपाणीकडे कारदगा, खानापूर तालुक्यात माचीगड, अशा गावागावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. मोठ्या शहरात सरकारी मदतीनं होतं ते इथं लोकवर्गणीतून होतं. ग्रंथदिंडीत मुलींना डोक्यावर पुस्तकं कशी धरायची हे शिकवणारे, पाहुण्यांना आणायला बेळगाव स्टेशनवर जाणारे, वर्गणीच्या पावत्या फाडणारे हात बघा. त्यात निवृत्त सर किती असतात ते मोजा. १९४६ साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे बाबा दर वर्षी नव्या मुलांना सांगतात. कंटाळत नाहीत.

बाबांबरोबरचे पीटीचे सर पहाटे पाचला मैदानात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळं आमच्याकडच्या पोरांचं स्वप्न भरतीचं असतं. सर त्यांना पळवतात, छाती मोजतात, आणि गणितात कच्चा असलेल्याला गणिताच्या सरांकडे पाठवतात. ते सर डिसेंबरपासून दहावीच्या मुलांना आपल्या पडवीत बसवतात. फी नाही. आमच्या वेळी दहावी ६२५ गुणांची, त्यात मराठी १२५ चं. तेव्हाही परीक्षेच्या आधी हेच सर रविवारी बोलवायचे. आता फरक इतकाच की फळा पडवीतल्या खुंटीला टांगलाय.

बाईंचं वेगळं. आमच्या विज्ञानाच्या बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरी रुजू झाल्या. दोन नातवंडं, सासूबाईंचं दुखणं. त्यांच्यासारखं प्रकाशाचं परावर्तन आरशाच्या तुकड्यानं समजावणारं मी पुढं कॉलेजातही पाहिलं नाही. त्यांचे सत्कार बाबांच्या चौथ्या हिश्शाएवढेही झाले नसतील. हे मला फार लागतं.

आता मुद्द्यावर येते, आणि इथं काही जण माझ्यावर रागावतील हे माहीत आहे.

बाबा १९८५ ला नोकरीला लागले. दुसऱ्याच वर्षी, १९८६ च्या जूनमध्ये, कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं. त्यात गेलेल्यांच्या हिंडलग्यातल्या स्मारकाला ते आजही न चुकता एक जूनला जातात. १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन, एक नोव्हेंबरला काळा दिवस, कशातही खंड नाही. सीमाप्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासूनचा आहे, त्याची प्रत्येक तारीख त्यांच्या वहीत आहे. आणि हाच माणूस गावातल्या लोकांना कन्नड वाचायला शिकवतो. खात्याची परिपत्रकं कन्नडमधून यायची म्हणून नोकरीत असतानाच ते लिहायला-वाचायला शिकले. त्यांच्या शाळेतले कन्नडचे सर अजून संध्याकाळी फिरायला येताना दारातून हाक मारतात, "ऊटा आयतेन्री सर?" (जेवण झालं का सर?) आणि दोघं तलावापर्यंत जातात. बाबांना कुणी टोचलं की ते एवढंच म्हणतात, "सक्ती वेगळी, शिकणं वेगळं."

मला त्यांचं शंभर टक्के पटतं. आमच्या लोकांना मराठीतून कागद मिळायला हवेत, तो हक्क आहे, त्यासाठी भांडायलाच हवं. पण तो मिळेपर्यंत जमिनीच्या पहाणीचा उतारा, नाडकचेरी म्हणजे महसूल कचेरीतला अर्ज, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार का थांबले ते सांगणारा कागद, हे सगळं आज कन्नडमध्ये आहे. ज्याला वाचता येत नाही तो एजंटाला शंभर-दोनशे रुपये देतो आणि तो सांगेल तिथं अंगठा उठवतो. वाटणीच्या कागदावर असं झालेलं मी जवळून पाहिलंय. स्वतःची जमीन राखता येत नसेल तर गावात मराठी बोलणारं माणूस तरी किती दिवस राहणार? हे काम निवृत्त मराठी मास्तरच करू शकतात, कारण त्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे. हा आपली भाषा काढून घ्यायला आला, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणणार नाही.

आणि हे काम सध्या कुठं चालतं? ओट्यावर. पावसात पडवीत. चार माणसं जास्त आली की आईची भाजी निवडायची जागा जाते. तिकडे आमच्या मराठी शाळांचे वर्ग पट कमी झाल्यामुळे रिकामे पडताहेत. खानापूरच्या जंगलभागात, कणकुंबी-जांबोटीकडं, तर बोटावर मोजण्याएवढी मुलं राहिलेल्या शाळा आहेत. कुलूप लावलेल्या खोलीत गवत वाढतं, उंदीर होतात. संध्याकाळी पाच ते सात ती एक खोली सरांच्या ताब्यात द्यायला काय हरकत आहे? एक ट्यूबलाइट, एक फळा, सतरंजी, आणि दारावर कोणत्या वारी कोणते सर किंवा बाई बसणार याचा कागद. सोमवारी अर्ज आणि कागद, मंगळवारी दहावीचं गणित, गुरुवारी बाईंचं विज्ञान. बाईंच्या घरच्यांनी दोन तास नातवंडं सांभाळावीत, एवढी विनंती मी स्वतः जाऊन करणार आहे.

शाळा सुधारणा समितीनं आणि पंचायतीनं नाही म्हटलं तर देवळाचा सभामंडप आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ साली सुरू झालं, तेव्हाही कुणीतरी आधी एक जागाच शोधली असेल.

दिवाळीत आमच्या १९९८ च्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. मांडव, जेवण, ट्रॉफ्या, सात सरांचा सत्कार, असा बेत ठरतोय. ग्रुपवर मी लिहिलंय, इथंही लिहिते: मांडवाचे पैसे खोलीला द्या. शाली आणू नका. सव्वीसपैकी वीस आईनं परवा रताळी काढायला आलेल्या बायकांना दिल्या, थंडीत त्या पांघरतील. उरलेल्या सहा बाबांनी मागून घेतल्यात, खोली मिळाली की खिडक्यांना लावायला. पश्चिमेकडून ऊन येतं म्हणाले.