टोपी पायात, चपला डोक्यावर

भाच्याची इंजिनीअरिंग ड्रॉइंगची शीट कॉलेजातून परत आली. शीट त्याची, पेन्सिल माझी. त्यामुळे ती लाल रेघ नेमकी कुणाच्या तोंडावर ओढलीय हे घरात सगळ्यांना कळलं होतं. शेजारी एकच शब्द: ‘प्रोजेक्शन?’ टूलरूमची ड्रॉइंगं काढण्यात ज्याचे केस पिकले त्याला प्रश्नचिन्ह!

गुन्हा एवढाच, की टॉप व्ह्यू, म्हणजे वरून दिसणारं चित्र, फ्रंटच्या, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चित्राच्या वर गेला आणि डावीकडचा साइड व्ह्यू डावीकडे. चित्रांच्या या मांडणीला म्हणतात थर्ड अँगल प्रोजेक्शन. अमेरिकन गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं तशीच येतात, हाताला वळण तेच. कॉलेजात याच्या उलटी मांडणी, फर्स्ट अँगल लागतो, एसपी ४६ या भारतीय मानकांच्या ड्रॉइंग-पुस्तिकेतही तोच आहे. सर बरोबर, मी चूक, मान्य. पण बाकीच्या शीटकडे कुणी ढुंकून तरी बघायचं!

साधा ब्रॅकेट होता. ७० बाय ५० मिलिमीटरचा, १२ जाडीचा बेस. उजव्या टोकाला १२ जाडीची उभी प्लेट, तिचा माथा २५ त्रिज्येचा अर्धगोल, त्यात २५ व्यासाचं आरपार भोक, मध्य तळापासून ४५ वर. मधोमध १० जाडीची रिब, म्हणजे आधाराची तिरपी फळी, बेसच्या डाव्या टोकापासून चढत प्लेटला तळापासून ३० उंचीवर टेकणारी. आधी २एच पेन्सिलीनं तिन्ही व्ह्यूंचे फिकट चौकोन, मध्ये ३० मिलिमीटर मोकळे. मग सेंटर लाइन, मग गोल, आणि सरळ रेघा शेवटी. आधी रेघ डार्क केली की कंस तिला येऊन नीट मिळत नाही, खांदा राहतो.

भाच्यानं रिबची तिरपी कड आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे तीन बाजू एकत्र दाखवणाऱ्या तिरप्या चित्रात, पट्टी लावून मोजली. ६९ आली. खरी जेमतेम ६१ आहे! आयसोमेट्रिकमध्ये मापं फक्त तीन अक्षांवर खरी. तिरप्या कडेची दोन टोकं शोधायची आणि जोडायची, पट्टी लावायची नाही. अर्धगोल जिथे सरळ कडेला मिळतो तिथे त्यानं फ्रंट व्ह्यूत आडवी रेघ ठोकून दिली होती. तिथे धारच नाही, पृष्ठभाग गुळगुळीत वळतो, मग रेघ कशाची? प्लेट आणि बेसच्या मध्येही एक रेघ होती. दोन्हींची पुढची बाजू एकाच पातळीत, सलग. ती खोडली. भोकाच्या तुटक रेघा फ्रंट आणि टॉप दोन्हीकडे दिल्या, २५ अंतरावर, मधून सेंटर लाइन. हे सगळं बरोबर होतं हो!

या विद्येचा मूळपुरुष गास्पार मोंज, फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेतला. किल्ल्याच्या बांधणीचं लांबलचक आकडेमोडीचं गणित त्यानं रेघा मारून इतक्या लवकर सोडवलं की अधिकारी उत्तर तपासायलाच तयार होईना. एवढ्यात होणं शक्यच नाही म्हणे. नंतर तीच पद्धत लष्करी गुपित म्हणून बरीच वर्षं दडवून ठेवली. म्हणजे शीट न बघता परत करण्याची परंपरा अठराव्या शतकातली आहे.

एवढ्यात दाजी आले. दाजी बँकेत. शीट उलटी धरून म्हणाले, “वरून बघितलेलं खाली काढायचं?”

“हो दाजी.”

“आणि डावीकडून बघितलेलं उजवीकडे?”

“हो.”

“म्हणजे टोपी पायात, चपला डोक्यावर.”

मी देवघरापुढचा पाट आणला. तो टीपॉयवर पाठीवर निजवला, पुढची कड छताकडे. “हा फ्रंट व्ह्यू. आता उजवीकडे लवंडवा. वर कुठली बाजू आली?”

“डावी.”

“आणि पडली कुठे?”

“उजवीकडे.” दाजी चमकले. मग पाट स्वतःकडे लवंडवला, तर बसायची बाजू वर आली आणि पाट खाली सरकला. “अरे, हा तर लोळतोय!”

“हाच फर्स्ट अँगल. आणि मिठाईचा खोका उलगडून पसरलात की वरची बाजू वर जाते, डावी डावीकडे. तो थर्ड.”

दाजींनी पाट चारपाच वेळा लोळवला. ताई आतून ओरडली, पूजेचा पाट आहे म्हणून. मग त्यांना नवीन शंका आली.

“बसायच्या बाजूनं बघितलं तर खालच्या दोन पट्ट्या दिसत नाहीत.”

“नाही. म्हणून तुटक रेघेनं दाखवायच्या.”

“दिसत नाहीत त्या दाखवायच्या?”

“हो.”

“आमच्या बँकेत जे दिसत नाही ते कोणी दाखवत नाही. ऑडिटरलासुद्धा.”

“आणि दिसणारी रेघ त्याच जागी असेल तर तुटक रेघ काढायची नाही. दिसणारीचा मान पहिला.”

“हे मात्र आमच्यासारखंच,” दाजी म्हणाले. “मग आता काय, सगळं नव्यानं?”

मला खरा राग याचाच. तिन्ही व्ह्यू तेच. रेघ ना रेघ तीच. फक्त टॉप खाली न्यायचा, साइड उजवीकडे. खालच्या कोपऱ्यातलं, कुठला अँगल ते सांगणारं कापलेल्या शंकूचं चिन्हही तेच दोन भाग ठेवून जागा बदलतं: समलंब डावीकडे, दोन वर्तुळं उजवीकडे. एवढ्यासाठी अख्खी शीट, बॉर्डर आणि टायटल ब्लॉकसकट.

“कात्रीनं कापून चिकटवून दे की,” दाजी म्हणाले.

त्यापेक्षा जीटी बरी, म्हणजे काचेखालून उजेड पाडून शीट छापणं. कॉलेजात ती पकडली तर शीट फाडतात, पण स्वतःच्याच शीटची जीटी हा गुन्हा कसा होईल, हे भाच्याला पटवायला दहा मिनिटं गेली. टीपॉयची काच मोकळी केली, जुनी शीट खाली, कोरी वर. एक व्ह्यू छापून झाला की जुनी शीट सरकवायची, बॉर्डरला समांतर ठेवून, नाहीतर तिन्ही व्ह्यूंची ओळ चुकते.

टॉर्च दाजींनी धरली. काचेखाली आडवे झाले, दोन्ही हात वर. थोड्या वेळानं खालून आवाज आला, “इथून मला कुठला व्ह्यू दिसतोय?”